बिनडोक्याचा लॅपटॉप

आमच्या वर्धा जिल्ह्यात आता मोबाईलशिवाय कापूसही विकता येत नाही. पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर, सातबारा मोबाईलवर, पीकविमा मोबाईलवर, पोरीची कॉलेजातली ॲडमिशन मोबाईलवर. आणि २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे कापूस खरेदी करणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा तर त्याची नोंदणीसुद्धा ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर. सेलूपासून समुद्रपूरपर्यंतचा कारभार वीतभर काचेवर येऊन बसला आहे. तरीही मोबाईल हातात धरलेला माणूस काम करतो आहे, हे मान्य करायला जिल्ह्यातलं एकही घर तयार नाही.

पोरगा ओसरीत खाटेवर पडून बापाच्या, काकाच्या आणि शेजारच्या आजीच्या कापसाची नोंदणी करत असतो. आधार नंबर टाकतो, सातबाऱ्याचा फोटो चढवतो, ओटीपीची वाट पाहतो. ओटीपी येतो तेव्हा सर्व्हर गेलेला असतो, मग पुन्हा पहिल्यापासून. बिचारा घामाघूम होतो आणि आतून आईचा आवाज येतो, “दिवसभर त्या मोबाईलातच तोंड घालून राह्यते हा! काही कामधंदा कर न रे!” तेच एखाद्या कार्यालयात कोणी संगणकासमोर बसून पत्त्यांचा डाव लावत असला, तर आपण दारातच थबकतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “साहेब कामात दिसतात, मंग येतो.” पाठ ताठ, समोर उभा पडदा, खाली बटणं, एवढं जमलं की ते काम. आडवं पडून अंगठ्याने केलं की टाइमपास, मग त्या अंगठ्याने तीन घरांचा कापूस का विकलेला असेना.

या अडचणीवर जगातल्या मोठ्या कंपन्यांनी एक उपाय काढला आहे. त्याला लॅपडॉक म्हणतात. दिसायला हुबेहूब लॅपटॉप. उघडतो तसा, मिटतो तसा, पिशवीत बसतो तसा. आत मात्र प्रोसेसर नाही, मेमरी नाही, फाइल ठेवायला जागा नाही. पडदा आहे, कीबोर्ड आहे, बोट फिरवायला टचपॅड आहे, स्पीकर आणि बॅटरी आहे. मोबाईल वायरने जोडला की त्याचं डोकं आणि याचं धड मिळून एक संगणक होतो. वायर काढली की धड जागच्या जागी थंड.

आमच्या गल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पदवीधर आहे. त्याने हे यंत्र आणलं तेव्हा त्याच्या आजोबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, कानाशी धरून हलवलं आणि विचारलं, “याच्यात मशीन कुठी हाय?”

“मशीन मोबाईलात हाय, आबाजी.”

“मंग याच्यात काय हाय?”

“याच्यात काही नाही.”

“काहीच नाही त् एवढे पैसे कायचे घेतले त्यानं?”

या प्रश्नाला अजून कोणत्याही कंपनीने समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

प्रयत्न मात्र पुष्कळांनी केले. २००७ च्या मे महिन्यात पाम कंपनीने ‘फोलिओ’ नावाची फोनची जोडीदारीण जाहीर केली. दहा इंचांचा पडदा, पूर्ण कीबोर्ड, किंमत ५९९ डॉलर. सप्टेंबरमध्ये, म्हणजे दुकानात पोचण्याआधीच, ती रद्द झाली. साखरपुडा मेमध्ये आणि सोडचिठ्ठी पोळ्याच्या सुमारास. २०११ मध्ये मोटोरोलाने ‘एट्रिक्स’ फोन आणला आणि त्याच्यासोबत ११.६ इंचांचा लॅपडॉक. पडद्याच्या मागे फोन खोचायचा. सुटा घेतला तर किंमत ५०० डॉलरच्या घरात, तेव्हाच्या एका बऱ्या छोट्या लॅपटॉपएवढी. लोकांनी आबाजींचाच प्रश्न इंग्रजीत विचारला आणि पुढच्याच वर्षी मोटोरोलाने तो नाद सोडला. उरलेले डबे पडेल भावात विकले गेले. ते विकत घेतले कोणी, तर रास्पबेरी पाय नावाचा हातावर मावणारा संगणक घेऊन बसलेल्या हौशी मंडळींनी. त्यांच्याकडे डोकं होतं, धड नव्हतं. २०१३ मध्ये ‘उबुंटू एज’ या अशाच दुहेरी फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर वर्गणी मागितली गेली. जमले सव्वा कोटीच्या आसपास, तेही नियमाप्रमाणे परत करावे लागले. मग मायक्रोसॉफ्टने फोन मोठ्या पडद्याला जोडायची ‘कंटिन्युअम’ नावाची सोय करून पाहिली आणि पुढे फोनच बंद केले. टिकला तो २०१७ मध्ये आलेला सॅमसंगचा ‘डेक्स’. २०२५ मध्ये गूगलनेही अँड्रॉइडमध्ये मोठ्या पडद्याची अशीच सोय आणत असल्याचं जाहीर केलं. एवढे दिग्गज आपटले तरी नवा उमेदवार उभा राहतोच आहे. आमच्या भागातल्या निवडणुका पाहिलेल्याला याचं नवल वाटू नये.

तसं पाहिलं तर वर्ध्याला घडीचं यंत्र नवं नाही. मगनवाडीच्या मगन संग्रहालयात जाऊन चरखे पाहा. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना १९३० च्या सुमारास पेटी चरख्यावर डोकं लावलं. झाकण उघडलं की दोन चक्रं आणि चाती, सूत निघायला लागतं. मिटलं की काखेत मारून चालायला मोकळे. लॅपटॉपचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी सेवाग्रामचे लोक मांडीपुढे झाकण उघडून कामाला बसत होते. त्याआधी १९२९ मध्ये चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी आजच्या लॅपडॉकवाल्यांनी पाठ कराव्यात. यंत्र हलकं हवं, इकडून तिकडे नेता आलं पाहिजे, झोपडीत चाललं पाहिजे, बाईमाणसाला आठ तास न थकता चालवता आलं पाहिजे, तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि यंत्र वीस वर्षं टिकलं पाहिजे! बक्षीस कोणालाच मिळालं नाही, यात आश्चर्य ते काय? पण पेटी चरखा उघडून बसलेल्या माणसाला “काही कामधंदा कर न रे” असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. शिवाय चरख्याचं डोकं चरख्यातच होतं. ते कोणी खिशात घालून शेतावर घेऊन जात नसे.

खरी गंमत इथेच सुरू होते. आमच्याकडे मोबाईल एका माणसाचा नसतो, घराचा असतो. बिल पोरगा भरतो, वापरते आई, आणि हिंगणघाटच्या बाजार समितीत जाताना घेऊन जातात बाबा, कारण भाव कळवणाऱ्या अडत्याकडे तोच नंबर आहे. लॅपडॉकवर अर्ज भरणं चालू आहे, शिक्षण, टक्केवारी, जातीचा दाखला सगळं चढवून झालं आहे, ‘सबमिट’वर बाण नेला आहे, आणि मागून हात येतो, वायर उपटली जाते, “पाच मिनटात आणून देतो रे.” पडदा काळा. पोरगा चौदा इंची अंधाराकडे पाहत बसतो. संगणक तेव्हा आर्वी नाक्याच्या पुढे निघून गेलेला असतो, मोटारसायकलवर, बनियनच्या खिशात.

बाबा घरी असले तरी फोन वाजायचा राहत नाही. तो कानाला लावायचा तर वायर काढावी लागते, वायर काढली की काम झोपतं. नाही काढली तर स्पीकरवर बोलावं लागतं आणि मामांनी मामींबद्दल सांगितलेलं सगळं अख्ख्या ओसरीला ऐकू जातं. सेवाग्रामला बापूंच्या दफ्तरात अजून तो टेलिफोन दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलणं सोपं जावं म्हणून बसवून दिलेला. त्याच दफ्तरात साप धरायचा चिमटा आणि पिंजराही आहे. टेलिफोन एका जागी, लिहायचं डेस्क दुसऱ्या जागी, सापाची सोय तिसऱ्या जागी. व्हाइसरॉयचा फोन आला म्हणून कोणाचं अर्धवट लिहिलेलं पत्र गडप झालं नाही. एका यंत्रात सगळं कोंबायचं नसतं, हे त्या खोलीत नीट पाहिलं तर दिसतं. पण लोक तिथे जाऊन टेलिफोनसोबत सेल्फी काढतात, तोही मोबाईलवरच.

व्हिडिओ कॉलचा प्रकार तर पाहण्यासारखा असतो. नागपूरची मावशी मोठ्या पडद्यावर येते, छान दिसते, पोरगा तिच्याकडे पाहून हसतो. मावशीला मात्र तो दिसत नाही. कॅमेरा मोबाईलचा, आणि मोबाईल टेबलावर उताणा पडलेला. मावशीला दिसतो छताचा पंखा. पोरगा तळमळून सांगत असतो की अभ्यास जोरात चालू आहे, आणि मावशी म्हणते, “तुमच्याकडे लाईन गेली वाटते रे, पंखा बंद हाय.” पोराने फोन उचलून उभा केला तर वायर ताणली जाते आणि मावशी हँग होते. शेवटी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा करतात. बरणीसकट ते सगळं टेबल फार तांत्रिक वगैरे दिसत नाही, पण चालून जातं.

वायरीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण बहुतेकांचं लॅपडॉकचं स्वप्न वायरीपाशीच संपतं. हल्ली बहुतेक सगळ्या नव्या मोबाईलांना टाइप-सी नावाचं एकाच आकाराचं भोक असतं. आकार एकच म्हणून गुणही एकच, असं वाटतं. तसं नसतं. काही भोकांतून फक्त वीज आत जाते आणि फाइली इकडेतिकडे होतात, चित्र बाहेर पडत नाही. चित्र बाहेर पडायला मोबाईलच्या आत वेगळी सोय लागते आणि ती सहसा महागड्या मोबाईलांत असते. आपल्याकडे ज्या दहा-पंधरा हजारांच्या फोनवर अख्खी गावं चालतात, त्यांतल्या बहुतेकांत ती नसते. त्यातून चार्जरसोबत आलेली केबलही नुसती वीज वाहणारी असू शकते. दोन्ही टोकांना तेच तोंड, मधे सगळाच फरक. दुकानदाराला विचारलं तर तो बिनदिक्कत म्हणतो, “चालते ना भाऊ, काऊन नाही चालत? टाइप-सीच त् हाय!” घरी आणून जोडलं की मोबाईल अगदी मनापासून चार्ज व्हायला लागतो. चित्र काही येत नाही.

म्हणजे या वस्तूचा हिशेब असा बसतो. ज्याच्या मोबाईलवर ती चालते, त्याच्या घरी आधीच एक लॅपटॉप असतो. ज्याच्या घरी लॅपटॉप नाही, त्याच्या मोबाईलवर ती चालत नाही. या दोघांच्या मधे जो उरतो, त्याने हप्त्यावर महाग मोबाईल घेतलेला असतो आणि लॅपटॉपला पैसे उरलेले नसतात. गल्लीतला आमचा पदवीधर नेमका हा तिसरा. कंपन्या शोधतात तो ग्राहक हाच, पण तो सापडायला त्यांना आमच्या गल्लीपर्यंत यावं लागेल.

सगळं जुळलं, चित्र आलं, तरी ॲपांचे नखरे असतात. सरकारी ॲप हे उभ्या मोबाईलसाठी केलेलं असतं. मोठ्या पडद्यावर ते मधोमध एक अरुंद पट्टी होऊन उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना काळोख. एवढा मोठा पडदा आणून शेवटी पाहायची ती मोबाईलएवढीच खिडकी, तीही लांबून. काही बँकांची ॲपं सुरक्षेचं कारण सांगून बाहेरच्या पडद्यावर तोंडच दाखवत नाहीत. ई-पीक पाहणीला तर शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. तिथे लॅपडॉक नेऊन करायचं काय? तुरीच्या ओळीत डबा उघडा ठेवून, त्याला जोडलेला मोबाईल पऱ्हाटीवर रोखून एखादा उभा राहिला, तर शेजारचा शेतकरी आधी तलाठ्याला आणि मग त्याच्या मामाला फोन करेल.

मराठीत लिहायचं म्हटलं की आणखी एक पेच. मोबाईलवर आमचे लोक मराठी दोन प्रकारे लिहितात. एकतर अंगठ्याने इंग्रजी अक्षरं दाबून, नाहीतर सरळ बोलून. लॅपडॉकच्या बटणांवर मराठीचं एकही अक्षर नाही. अशा वेळी गल्लीतल्या निवृत्त मोठ्या बाबूंना बोलावणं जातं. चाळीस शब्दांची मराठी टायपिंग पास, रेमिंग्टनवर. बोटं अजून पाठ आहेत. बाबू बाह्या सावरून बसतात, डोळे मिटतात आणि ‘क’साठी डी दाबतात, कारण रेमिंग्टनमध्ये ‘क’ तिथेच असतो. यंत्रात मात्र सरकारमान्य इन्स्क्रिप्टची मांडणी लावलेली, तिथे डीवर हलंत. पडद्यावर ‘क’ न उमटता सगळ्या अक्षरांचे पाय मोडत जातात. बाबू आणखी जोरात दाबतात. त्यांनी लोखंडी टाइपरायटरवर चार कार्बन घालून पाच प्रती काढल्या आहेत, तो जोर अजून बोटांत आहे. टेबलावरची बरणी हलते, बरणीला टेकलेला मोबाईल आडवा होतो, वायर निघते. “तुमच्या याच्यात दमच नाही,” असं म्हणून बाबू चहा मागतात.

आणि उन्हाळा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो, तेव्हा माणसं दुपारची बाहेर पडत नाहीत. मोबाईल बिचारा एकाच वेळी मोठा पडदा चालवतो, चार्ज होतो, नेट ओढतो आणि ओटीपीही घेतो. तासाभरात त्याच्या पाठीवर पापड भाजून निघेल इतका तापतो, मग स्वतःच मंद होतो किंवा थंड करा म्हणून सूचना देतो. थंड करायला घरात एकच कूलर, आणि त्याच्या तोंडापुढची जागा आबाजींची. “मी थंड होऊ का तुहा फोन?” या प्रश्नाचं उत्तर संस्कारी घरात एकच असतं. शिवाय कूलर पाणी उडवतो, ते मोबाईलला चालत नाही, आबाजींना चालतं.

नागपूर-वर्धा अपडाऊन करणाऱ्या मंडळींतही एखाद्याकडे हा डबा दिसायला लागला आहे. लॅपटॉप मांडीवर ठेवता येतो. लॅपडॉक मांडीवर ठेवला की मोबाईल कुठे ठेवायचा? मांड्या दोनच, आणि दोन्ही गुंतलेल्या. मग तो वायरीला लोंबतो, नाहीतर शेजारच्याच्या मांडीवर ठेवला जातो. शेजारचा भला माणूस असतो, तो मोबाईल नीट धरून बसतो, आणि वर येणारे सगळे मेसेज वाचतो. सेवाग्राम स्टेशन येईपर्यंत त्याला तुमचं कर्ज, तुमची ओळखपाळख आणि घरी जाताना काय आणायला सांगितलं आहे, हे सगळं कळलेलं असतं. उतरताना तो आठवणही करून देतो, “वहिनीनं गोरसपाक सांगितला हाय, विसरू नका.”

एवढं सगळं असूनही आमच्या गल्लीतल्या पदवीधराचा लॅपडॉक वाया गेला, असं मी म्हणणार नाही. दोन उपयोग झाले. पहिला विजेचा. त्या डब्याच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज होतो, त्यामुळे लाईन गेली की घरातले सगळे फोन आळीपाळीने त्याच्या पोटाला लागतात. आबाजी आता त्याला मान देतात. “काही नाही म्हनत होता, पण करंट त् हाय याच्यात,” हे त्यांचं मत. दुसरा उपयोग मोठा. पोरगा खाटेवरून उठून टेबलाशी बसला, समोर पडदा उभा राहिला, आणि घराचा सूर एका दिवसात बदलला. आई टीव्हीचा आवाज कमी करते. चहा टेबलावर येतो, सोबत बिस्कीट. पाहुण्यांना सांगितलं जातं, “हळू बोला, तो लॅपटॉपवर काम करून राह्यला.” त्याच मोबाईलवरून, त्याच वायरीतून, तो त्या पडद्यावर क्रिकेटची मॅच पाहत असतो. पूर्वी खाटेवर पडून खरोखर काम करायचा तेव्हा शिव्या खायचा. हल्ली त्याच्यासाठी स्थळं यायला लागली आहेत आणि बायोडाटामध्ये ‘कॉम्प्युटरचं ज्ञान’ अशी ओळ घातली आहे. मुलीकडच्यांनी अजून वायर काढून पाहिलेली नाही.

माझं मत विचाराल तर एवढ्या पैशात वापरलेला पण धडधाकट लॅपटॉप मिळतो आणि त्याला स्वतःचं डोकं असतं. तरीही लॅपडॉकच घ्यायचा असेल, तर दुकानात स्वतःचा मोबाईल घेऊन जा, तिथेच जोडा, आणि पडद्यावर चित्र आलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. केबलही ज्या केबलवर चित्र आलं तीच मागून घ्या. आणि परत येताना बाबांसाठी एक साधा बटणांचा फोन घेऊन या. हजार-दीड हजारात मिळतो, आणि त्याच्याशिवाय लॅपडॉक दोन दिवससुद्धा चालत नाही.